नांदेड ते लातूर, बिल्ड चालू

बिल्ड चालू असताना प्रोग्रामर काहीही करत नसतो. ऑफिसात हे खपून जातं. पुण्यात आमच्या मजल्यावर कोणी खुर्चीत मागं रेलून छताकडं बघत असला की शेजारचा आदरानं विचारायचा, "बिल्ड?" तो मान डोलवायचा आणि दोघं चहाला जायचे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी नांदेडला घरी आलो. पुढं नोकरी गेली, तिच्यासोबत कंपनीचा लॅपटॉपही गेला, आणि मी घरूनच बारकीसारकी कामं घ्यायला लागलो. तेव्हा आमच्या धंद्याचं हे गुपित आईला कळलं.

"बसलाच हायस तर दळण घेऊन ये."

बसलाच हायस तर लसूण सोल. बसलाच हायस तर बाबांच्या पासबुकावर एंट्री मारून आण. मी म्हणायचो, "आई, काम चालू आहे." ती पडद्याकडं बघायची. पडद्यावर एक हिरवी पट्टी, पट्टीपुढं टक्के, आणि माझे दोन्ही हात मांडीवर. "कोण करू लालंय काम? तू का ते?"

यावर बोलण्यासारखं काही नसायचं. मी ज्वारीचा डबा उचलायचो. गिरणीत गव्हावर ज्वारी टाकली म्हणून कोणाचं तरी भांडण चाललेलं असायचं, ते ऐकून, कधी त्यात पडून, दळण घेऊन मी परत यायचो. पट्टी होती तिथंच.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आम्ही जे लिहितो ते मशीनला कळत नाही. कंपायलर ते मशीनला कळेल असं करून देतो. मग इतरांनी लिहून ठेवलेल्या लायब्ररी गोळा करायच्या, चित्रं आणि रंग दाबून बसवायचे, सगळ्याची मोट बांधायची आणि वर सही ठोकायची. या सगळ्याला बिल्ड म्हणतात. एक अक्षर बदललं की पुन्हा बिल्ड.

हे पूर्वी असं नव्हतं, असं म्हणायचं वय आता माझंही झालंय. विष्णुपुरीला, १९८१ मध्ये सुरू झालेल्या श्री गुरु गोबिंदसिंघजी इंजिनिअरिंग कॉलेजात मी होतो तेव्हा आम्ही टर्बो सी वापरायचो. निळा पडदा, पिवळी अक्षरं. ऑल्ट आणि एफ-नाइन दाबलं की बोट वर यायच्या आत निकाल. त्या टर्बो घराण्याचा मूळपुरुष म्हणजे १९८३ चा टर्बो पास्कल. त्याचा कंपायलर डेन्मार्कच्या अँडर्स हेल्सबर्गनं लिहिला होता. तेव्हाचे बरेच कंपायलर एकेक टप्पा फ्लॉपीवरून उचलत, पुन्हा फ्लॉपीवर ठेवत चालायचे. यानं सगळा कारभार मेमरीतच एका दमात उरकला, आणि किंमत ठेवली ४९ डॉलर ९५ सेंट. त्या काळच्या मशीनची अख्खी मेमरी आजच्या मोबाइलमधल्या एका फोटोहून कमी होती.

त्याच्याही मागं गेलं तर मुंबईला टीआयएफआरमध्ये १९६४ साली सीडीसी ३६०० आलं. तिथं संशोधक पंच केलेल्या कार्डांचा गठ्ठा देऊन यायचे आणि छापील निकालाची वाट बघायचे. एखादा स्वल्पविराम चुकला की पहिल्यापासून. म्हणजे झटपट निकाल ही चैन मधल्याच काळातली. आमच्या पिढीनं नेमकी तीच आधी चाखली आणि जीभ सोकावली.

तर, मामा. माझे मामा लातूरला ट्यूशन एरियात क्लास चालवतात. राजर्षी शाहू आणि दयानंद या कॉलेजांनी लातूर पॅटर्नचं नाव राज्यभर केलं, आणि त्या नावाच्या आसऱ्यानं पुढं क्लास, मेस आणि होस्टेलांची एक वस्तीच उभी राहिली. मामांना अ‍ॅप हवं होतं. रविवारी टेस्ट झाली की पोराचे मार्क पालकांच्या मोबाइलवर दिसले पाहिजेत, एवढंच. मी म्हणालो, "सोपं आहे मामा, दिवाळीच्या आत देतो." कोणत्या दिवाळीच्या, ते म्हणालो नव्हतो.

अ‍ॅपमध्ये स्क्रीन चार. त्यातली एक 'आमच्याविषयी', म्हणजे मामांचा फोटो. पण लॉगिनसाठी एक लायब्ररी घेतली, आलेखासाठी एक, फोटो गोल कापायला एक. त्या लायब्ररींना त्यांच्या लायब्ररी लागत होत्या, आणि त्यांनाही मागं मोठं खटलं होतं. एके दिवशी निरोप आला की मेथडची, म्हणजे प्रोग्रामच्या सुट्या तुकड्यांची, मर्यादा ओलांडली आहे. अँड्रॉइडच्या एका डेक्स फाइलमध्ये ६५,५३६ मेथडचे संदर्भ मावतात. मी स्वतः लिहिलेल्या मेथड एका वहीच्या पानावर बसल्या असत्या. उरलेल्या कोण, कुठल्या आणि मामांच्या क्लासात काय करायला आल्या होत्या, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पण प्रत्येक बिल्डला त्या सगळ्या जेवायला असायच्या.

आणि स्वयंपाक करणारा माझा लॅपटॉप होता सेकंडहँड. चार जीबी रॅम, फिरणारी डिस्क. ज्या टूलनं मी बिल्ड करायचो त्याचं नाव इथं लिहीत नाही. रात्री सापाला लांबडं म्हणतात, त्याच कारणासाठी. त्याला एक खोड होती. सत्त्याऐंशी टक्क्यांपर्यंत ते धावत यायचं आणि तिथं बसकण मारायचं. हे टक्के उरकलेल्या कामांच्या संख्येचे असतात, वेळेचे नव्हेत. किरकोळ कामं भराभर संपतात आणि जड दोनचार शेवटी उरतात. मला हे चांगलं ठाऊक होतं. तरी मी त्या पट्टीकडं डोळे लावून बसायचो, आणि सत्त्याऐंशीचे अठ्ठ्याऐंशी झाले की आईला हाक मारून सांगायचो.

शहाणा माणूस अशा वेळी दळण आणतो. मी बिल्डचा वेग वाढवायला घेतला.

पहिल्यांदा मेमरी. कुठंतरी वाचलं की टूलला मेमरी वाढवून दिली की ते पळतं. मी उदार मनानं सहा जीबी लिहून टाकले. घरात चार असताना. तेव्हापासून ते जे मेमरीत मावेना ते डिस्कवर नेऊन ठेवायला आणि पुन्हा आणायला लागलं. डिस्कमधून येणारी करकर ऐकून बाबा रात्री उठले आणि उंदीर बघायला पलंगाखाली टॉर्च मारून आले.

मग सफाई. जुना साठलेला कचरा काढला की सगळं हलकं होतं, अशी माझी धारणा होती. मी आधीच्या बिल्डचं सगळं पुसलं, कॅशेही पुसले आणि मोकळ्या मनानं बटण दाबलं. आता इथं थोडा इतिहास सांगितला पाहिजे, कारण मी जे पुसलं त्यात १९७६ ची अक्कल होती. त्या साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत स्टीव्ह जॉन्सन हे सहकारी चरफडत आले. त्यांची अख्खी सकाळ बरोबर असलेल्या प्रोग्राममधली चूक शोधण्यात गेली होती. चूक त्यांनी आधीच दुरुस्त केली होती, फक्त ती फाइल पुन्हा कंपाइल करायची राहिली होती. त्यावरून फेल्डमननी 'मेक' लिहिलं. कोणती फाइल कशावर अवलंबून आहे आणि कोणती कधी बदलली हे ते बघतं, बदललं तेवढंच पुन्हा बांधतं, बाकीच्याला हात लावत नाही. आजची बिल्डची बहुतेक टूल्स याच विचारावर उभी आहेत. आणि मी सफाईच्या नावाखाली त्यांना दर वेळी सगळं विसरायला लावत होतो. लायब्ररी पुन्हा पहिल्यापासून डाउनलोड झाल्या, त्याही बाबांच्या मोबाइलच्या डेटावर. दुपारीच डेटा संपला. संध्याकाळी कीर्तन लागेना तेव्हा बाबांनी मला काही विचारलं नाही, नुसतं बघितलं.

मग उन्हाळा आला. नांदेडचा पारा मे महिन्यात बेचाळीसच्या वर जातो, आणि प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो. हे खरं आहे, यात माझी काही कल्पना नाही. कल्पना माझी पुढची: मी हॉलमधला कूलर उचलून टेबलासमोर आणला. घरातली माणसं हातपंख्यावर आणि लॅपटॉप वाळ्याच्या गार वाऱ्यात, असे काही दिवस गेले. वेग वाढला का? थोडा वाढला असावा. पण कूलरच्या वाऱ्यासोबत येणारे तुषार कीबोर्डात गेले आणि स्पेसबार मनाला येईल तेव्हा स्वतःच दाबला जायला लागला. कंपायलरला जास्तीच्या स्पेसचं सहसा काही वाटत नाही. पण मामांच्या नावाच्या मधोमध पडलेली जागा मामांना दिसल्याशिवाय राहत नाही.

नवी बॅटरीही टाकली. सगळ्या सुधारणांत तेवढी एक कामाची निघाली, आणि पुढचा तमाशाही तिच्यामुळंच शक्य झाला.

बिल्डपायी रडकुंडीला आलेला मी काही पहिलाच नव्हे. सप्टेंबर २००७ च्या सुमारास गूगलमध्ये रॉब पाइक यांचा सी प्लस प्लसमधला एक प्रचंड प्रोग्राम कंपाइल व्हायला पाऊण तास लागत होता, तोही कंपनीच्या अनेक मशीनवर काम वाटून. त्या वाट बघण्याच्या काळात त्यांनी, रॉबर्ट ग्रीसेमर आणि केन थॉम्पसन यांनी नव्या भाषेचा विचार सुरू केला. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये 'गो' जाहीर झाली, आणि भराभर कंपाइल होणं हा तिचा पहिल्यापासूनचा बाणा. मोठ्या माणसांची बिल्ड रखडली की जगाला एक भाषा मिळते. माझी रखडली आणि घरातला कूलर गेला.

इकडं मामांचे फोन चालू होते. जूनमध्ये नवी बॅच सुरू होणार होती आणि पालकांच्या मेळाव्यात अ‍ॅप दाखवायचं त्यांनी पत्रिकेत छापून टाकलं होतं. "अरे, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं लातूरला," ते म्हणाले. "दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तेवढं लांबून पाणी आलं. तुझं अ‍ॅप कुठून येऊ लालंय?"

"होऊ लालंय मामा. सत्त्याऐंशी टक्के झालंय."

पलीकडं शांतता. लातूरमध्ये सत्त्याऐंशी टक्के हा आकडा कोणी मोठ्यानं सांगत नाही. "बरं," ते हळू आवाजात म्हणाले, "उद्या घेऊनच ये."

आदल्या रात्री सगळं तयार होतं. झोपण्यापूर्वी मी वेगासाठी अजून एकच गोष्ट बदलली. सकाळी उठून बघतो तर बिल्ड पहिल्यापासून चाललेली, आणि लातूरची एसटी सुटायला अर्धा तास. झाकण मिटलं की लॅपटॉप झोपणार, तो झोपला की बिल्ड थांबणार. म्हणून मी तो उघडाच दोन्ही हातांवर घेतला, मोबाइलचं हॉटस्पॉट लावलं आणि रिक्षात बसलो.

एसटीत कंडक्टर म्हणाले, "मिटा की साहेब ते, पडंल."

"मिटलं तर बंद पडतं."

त्यांनी लॅपटॉपकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि एकच तिकीट फाडलं. शेजारी पटक्यातले एक आजोबा होते, लोह्याला निघालेले. सोनखेडपर्यंत ते गप्प होते. मग पट्टीकडं बोट दाखवून म्हणाले, "किती झालं?"

"बेचाळीस टक्के."

मागच्या सीटवरून कोणीतरी विचारलं, "कशाचे टक्के?" आणि माझ्या आधी आजोबाच म्हणाले, "निकाल लागू लालाय." हे मी तिथंच खोडायला हवं होतं. पण बेचाळीसचे एकदम पंचावन्न झाले आणि मी त्याच्यात गुंगलो.

लोह्यात आजोबा उतरले नाहीत. अहमदपूरला भाचीकडं जायचं बरेच दिवस राहिलं होतं, असं म्हणून त्यांनी पुढचं तिकीट काढलं. तोवर बातमी शेवटच्या सीटपर्यंत गेली होती. कोणी म्हणे पोलीस भरतीचा आहे, कोणी म्हणे तलाठ्याचा. एक बाई पुढं आल्या आणि त्यांनी मुलीचा बैठक क्रमांक लिहिलेली चिठ्ठी माझ्या कीबोर्डवर ठेवली. मी समजावायला लागलो. ताई, हा निकाल नाही, हे प्रोग्रामचं रूपांतर चाललंय, म्हणजे आपण जे लिहितो ते. त्या शांतपणे म्हणाल्या, "असू द्या, झाल्यावर बघा." चिठ्ठी तिथंच राहिली.

मला वाटतं पुण्यातल्या सगळ्या नोकरीत माझ्या बिल्डकडं इतक्या लोकांनी इतक्या आस्थेनं कधी पाहिलं नव्हतं. सत्तर झाले तेव्हा मागून "चला, फर्स्ट क्लास" असा आवाज आला. ब्याऐंशीला ड्रायव्हरनं आरशातून बघितलं. एक गृहस्थ दर वेळी आकडा ऐकून नुसते "अजून पायजे" म्हणायचे. ते लातूरचे होते.

अहमदपूरच्या स्टँडवर मला चहा घ्यायचा होता. आजोबा म्हणाले, "द्या माज्याकडं," आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले. मी परत आलो तर त्यांनी ऊन लागू नये म्हणून त्याच्यावर पंचा पांघरला होता. सगळीकडून नीट दाबून, पंख्याच्या जाळीसकट. आत तो भट्टीला लागला होता. पंचा काढला तेव्हा पडद्यावर सत्त्याऐंशी.

"थांबलं का हो?" आजोबा अपराधी चेहऱ्यानं म्हणाले.

"नाही, ते इथं थांबतंच."

गाडी सुटली. भाचीचा विषय निघाला नाही, आजोबा बसूनच होते. सत्त्याऐंशी. कोणी बोलेना. नांगरलेली रानं मागं जात होती, सत्त्याऐंशी. चाकूरला एक पोरगा चढला, पाठीवर सॅक, हातात ड्रॉइंगची गुंडाळी. उभ्या उभ्या त्यानं माझी अवस्था पाहिली आणि म्हणाला, "सर, झाकण लावल्यावर पण चालू राहील अशी सेटिंग असते ना."

मी म्हणालो, "असते, पण."

पणच्या पुढं माझ्याकडं काही नव्हतं. त्यानं वाकून दोनचार ठिकाणी क्लिक केलं, झाकण मिटलं आणि लॅपटॉप माझ्या मांडीवर ठेवला. आत पंखा घरघरत होता. नांदेडपासून तोलून धरलेले माझे हात तसेच हवेत होते.

आजोबांनी पोराला विचारलं, "कितवीला हायस?"

"डिप्लोमा, सेकंड इयर."

मग माझ्याकडं वळून, "आन् तुमी?"

लातूर आलं तेव्हा मी आधी चिठ्ठीवाल्या ताईंना चिठ्ठी परत दिली. त्यांनी विचारलं, "पास?" मी हो म्हणालो. त्या मुलीची माझी ओळख नाही, पण अशा आईची मुलगी नापास होईल असं मला वाटत नाही.

मामांच्या ऑफिसात लॅपटॉप उघडला. लाल अक्षरांत बिल्ड फेल. शेवटची एक लायब्ररी डाउनलोड होताना मधे कुठंतरी मोबाइलची रेंज गेली होती. फोटो गोल कापायची लायब्ररी. मामांनी माझ्या खांद्यावरून ते वाचलं. इंग्रजी त्यांचा विषय नाही, फिजिक्स आहे, पण फेल हा शब्द ट्यूशन एरियात सगळ्यांना येतो.

ऑफिसच्या कोपऱ्यात फीच्या पावत्या करणारी मॅडम होती. तिच्यासमोरच्या कॉम्प्युटरकडं मी सहज पाहिलं. सोळा जीबी रॅम, एसएसडी, मागं फायबरची वायर. मामांनी गेल्याच वर्षी घेतला होता, कारण दुकानदार म्हणाला, आता हेच चालतं. त्याच्यावर दिवसभर पावत्या छापल्या जायच्या. पावती छापून झाली की तो मॅडमच्या पुढच्या क्लिकची वाट बघत बसायचा.

मामींकडं जेवण होईपर्यंत सगळी टूल्स त्याच्यावर उतरली. मी बटण दाबलं. मॅडमनं विचारलं, "सर, पाणी?" मी हो म्हणालो. ती ग्लास घेऊन आली तोवर बिल्ड झालेली होती. सत्त्याऐंशी कधी येऊन गेलं ते दिसलंही नाही. मला, खोटं कशाला बोलू, थोडं वाईट वाटलं.

मामांनी अ‍ॅप मोबाइलवर उघडलं. फोटोवर बराच वेळ थांबले. "फोटो चांगला हाय. गोल कशाला केलास? पासपोर्टला लावल्यासारखा चौकोनी कर. आन् लातूर दीर्घ असतंय."

म्हणजे पुन्हा बिल्ड. मी कोपऱ्यात गेलो तर मॅडमसमोर रांग लागली होती. नव्या बॅचचे प्रवेश. "पावत्या होऊ द्या सर," ती म्हणाली, "मग घ्या तुमचं." मी भिंतीकडेच्या बाकड्यावर पालकांमध्ये जाऊन बसलो. शेजारी उदगीरकडचे एक गृहस्थ होते, मांडीवर कागदांची फाइल. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडं पाहून आपुलकीनं विचारलं, "किती टक्के?"

तोंडातून सवयीनं निघून गेलं, "सत्त्याऐंशी."

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "रिपीटर बॅचला टाका," ते म्हणाले. "इथली चांगली हाय."